अमिनियासी मास्तर पुस्तक निवडतात

सव्वीस वर्षं सुतारकाम शिकवलेल्या माणसाला एका सोमवारी सकाळी बोलावून कुणी सांगितलं, की आता तुम्ही कॉम्प्युटर शिकवा, तर त्याने काय करावं? अमिनियासी मास्तरांनी खाली बघितलं. कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या, म्हणजे आमच्याकडच्या लुंगीच्या, खिशातून लाकडाचा भुसा सांडला होता, तो त्यांनी पायाने बाजूला सारला आणि "बरं" म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते भेटेल त्याला सांगत होते, की आपण ते "ऐकू आलं" एवढ्याच अर्थाने म्हणालो होतो. पण लितियाबाईंनी तोवर वहीत लिहून घेतलं होतं.

लितियाबाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आमच्या बेटावर, सावुसावु बंदरापासून बसने पाऊण तासावर, खाडीच्या काठाला आमची शाळा आहे. शाळा चर्चच्या मंडळाची. तिथे लितियाबाईंनी वहीत लिहिलेलं खोडणारं रबर अजून कुणाला मिळालेलं नाही.

"हे बघा मास्तर," त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरचे सर न्यूझीलंडला गेले ते गेलेच. फोनवर म्हणतात, येतो लवकरच. पण मागे मेंढ्या ओरडत होत्या. मेंढ्या घेतलेला माणूस परत येत नाही. आणि तुमच्या सुतारकामाला पुढच्या वर्षी फक्त चार मुलं आहेत. चार मुलांसाठी मंडळ वर्ग ठेवणार नाही. मग तुमच्याकडे विषय नाही. आणि विषय नसलेला मास्तर मंडळ कुठे पाठवतं, ते मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. वातुमारा! मंडळाची दुसरी शाळा त्या बेटावर आहे. बोट महिन्यातून एकदा, तीही समुद्राच्या मनात असली तर. मास्तरांच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना घरच्या ओट्यावर, फणसवजा नीरफणसाच्या सावलीत, शांतपणे काढायची होती.

"पण बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"विषयाचं नाव ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू. तुम्ही जन्मभर वस्तूच करत आलात की! अकरा मुलांनी नावं दिलीत. तुम्ही फक्त नवशिक्यांसाठी एक पुस्तक निवडा. दोन आठवड्यांनी सोमवारी मंडळाची बैठक आहे. त्याआधी या फॉर्मवर अध्यक्षांची सही आली तर वर्ग चालू, तुम्ही इथेच. नाही आली, तर वर्ग बंद आणि तुम्ही बोटीवर."

फॉर्म हातात घेऊन मास्तर बाहेर आले आणि पायरीवर बसून तो वाचला. पहिला रकाना, वस्तूचं नाव. दुसरा, आकार: लहान, मध्यम, मोठा. तिसरा, हवा भरलेली आहे काय? चौथा, शिवण पक्की आहे काय? मास्तर पुन्हा आत गेले. "बाई, हा फुटबॉलचा आहे."

"पुस्तकांचे संपलेत. खेळाच्या सामानाचा चालतो. मागच्या वर्षी बायबलं आणली ती त्यावरच."

घरी मेरेसेनीने सगळं ऐकून घेतलं. मेरेसेनी म्हणजे मास्तरांची बायको. ती वाद घालत नाही, एकदाच सांगते. "अहो, वातुमाराला मी येणार नाही. वरचे दात झालेत, खालचे व्हायचेत. डॉक्टर महिन्यातून दोन गुरुवार येतो. तिकडे ओल्या खोबऱ्याशिवाय चावायला काही नाही. तुम्ही जा. मी दातांजवळ राहते."

एकतीस वर्षांच्या संसारानंतर बायको अर्ध्या कवळीसाठी आपल्याला सोडायला तयार आहे, हे मास्तरांना चांगलंच लागलं. त्या दिवशी त्यांनी उकडलेला कसाव्याचा कंद अर्धाच खाल्ला.

आधीच्या सरांनी राजधानी सुव्याहून मागवलेली तीन नमुन्याची पुस्तकं शाळेत पडून होती, कागदही न काढलेली. एक जाड, एक बारीक, एक मधलं. मास्तर ती घरी घेऊन आले. जाडजूड पुस्तकावर लिहिलं होतं, "अगदी नवशिक्यांसाठी." नऊशे साठ पानं. पहिल्या पानावर लेखकाने बायकोचे, दोन मुलांचे, एका मांजराचे आणि सत्तावीस प्राध्यापकांचे आभार मानले होते. दुसऱ्या पानावर म्हटलं होतं, की वाचकाला प्रोग्रॅमिंगची दुसरी एखादी भाषा आधीपासून चांगली येते असं धरून चाललो आहोत. म्हणजे पोहायला शिकायचंय ना, मग आधी पलीकडच्या काठावर या! मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ डोळेही मिटले.

बारीक पुस्तक चित्रांचं होतं. त्यात एक प्राणी होता. कुत्रा हा त्या प्राण्याचा एक प्रकार, मांजर हा दुसरा. प्राण्याला "बोल" म्हटलं की कुत्रा भुंकतो, मांजर म्यावम्याव करते. मास्तरांना मोठ्याने वाचायची सवय. चाळिसाव्या पानापर्यंत भुंकणं चालूच राहिलं, तेव्हा मेरेसेनी चुलीजवळून ओरडली, "कोण भुंकतंय हो एवढ्या वेळचं?" मास्तरांना तोवर एवढंच कळलं होतं, की कुत्रा भुंकतो. हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

शेजारच्या मुनियप्पाचं दुकान आहे, आणि दुकानात जो जाईल त्याला सामानाबरोबर सल्ला मिळतो. "जाडंच घ्या मास्तर," मुनियप्पा म्हणाला. "जाड पुस्तकाला मुलं घाबरतात. घाबरली की अभ्यास करतात. माझा भाचा ब्रिस्बेनला याच लायनीत आहे, त्यालाच विचारू." भाच्याला फोन लावला. भाचा म्हणाला, "मामा, आता पुस्तकं कोण वाचतं? व्हिडिओ बघायला सांग." आता आमच्याकडे नेट चालतं ते धक्क्याजवळ, नारळाच्या दोन झाडांमध्ये, आणि वारा पूर्वेचा असेल तर. मास्तर तिथे दुपारभर फोन वर धरून उभे राहिले. पडद्यावरचा माणूस हसून "नमस्कार" म्हणाला आणि गोल गोल फिरायला लागला. साडेतीन वाजता मास्तरांनी त्याचा नाद सोडला. खांदा मात्र आठवडाभर दुखत होता.

घरी आले तर जाड पुस्तक गायब!

"एपेली घेऊन गेला," मेरेसेनी म्हणाली. "केरेकेरे म्हणाला."

झालं. केरेकेरे म्हटलं की आमच्याकडे पुढे बोलणं नसतं. मागणाऱ्याने हा शब्द उच्चारला की वस्तू त्याची. परत येईल तेव्हा येईल. उद्या आपण त्याच्याकडे जाऊन दुसरं काही मागायचं. नाही म्हणायची रीत नाही. एपेली चर्चमधल्या गाण्याच्या चमूचा मास्तर, उंचीने बेताचा, आणि मागच्या रांगेतल्या जाड्या आवाजाच्या लोकांना तो दिसत नाही. त्याला उभं राहायला काहीतरी हवं होतं.

"अगं, पण ते शाळेचं पुस्तक आहे!"

"मग चर्च काय कुणाचं आहे?"

मास्तरांनी उरलेली दोन पुस्तकं उचलून उशाखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते बारीक पुस्तक घेऊन बसमध्ये चढले आणि तिथेच चुकले, कारण बस लेमेकीची. लेमेकी आणि मास्तर एकमेकांचे ताउवू. दोघांच्या गावांचा मूळपुरुष एक. तो कुठल्या काळातला ते देवाला ठाऊक, पण त्याच्यामुळे आजही त्या गावच्या माणसाने या गावच्या माणसाला वाट्टेल ते बोलावं, त्याच्या घरातलं वाट्टेल ते उचलावं, आणि याने रागवायचं नाही. मेव्हणे मेव्हणे जे बोलतात ते याच्यापुढे पूजेतलं वाटावं.

"आलं का ओंडकं!" लेमेकी भर बसमध्ये ओरडला. "सुतारड्या, तुझ्या हातात पुस्तक? उलटं धरलंयस बघ! पाचर मारायला हवंय का कुठे?"

"हळू बोल रे. मुलांची पालक मंडळी आहेत."

"असू दे की. त्यांना कळू दे त्यांची पोरं कुणाच्या हाती पडली ते." असं म्हणून त्याने पुस्तक काढून घेतलं, चाळलं, कुत्र्याचं चित्र पाहिलं आणि खूश होऊन गिअरच्या दांड्यामागे खोचलं. "हे माझं." मास्तर हसले. ताउवूपुढे हसावंच लागतं. त्या हसण्याला किती कष्ट पडतात, ते ज्याचं त्याला माहीत.

उरलं मधलं. ते मास्तरांनी शाळेच्या सुतारशाळेत बसून उघडलं, आणि काय सांगू, पहिल्याच पानावर साचा! आधी साचा करा, मग त्या साच्यावरून हव्या तेवढ्या वस्तू काढा. प्रत्येक वस्तू वेगळी, पण घडण एकच. मास्तर ताठ बसले. हेच तर ते करत आले होते! त्या खोलीतली चाळीस स्टुलं एकाच साच्यावरून निघाली होती. तीन पायांचं एक सोडलं तर.

पुढच्या धड्यात त्याहून मोठी गोष्ट होती. प्रत्येक वस्तूच्या पोटात तिचा तिचा ऐवज असतो. तो खासगी. बाहेरच्याने त्यात हात घालायचा नाही. काय हवं ते दारात उभं राहून मागायचं, वस्तू स्वतः आत जाऊन बघेल आणि आणून देईल. मास्तरांनी हे तीनदा वाचलं. पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला शेजारी असणार याबद्दल त्यांना शंका उरली नाही. किती वर्षं झाली, त्यांची पटाशी एकीकडे, करवत दुसरीकडे, ढकलगाडी कुठल्या गावी आहे त्याचा पत्ता नाही. आणि इथे एक विद्वान छापील अक्षरांत सांगत होता, की हात घालायचा नाही!

मास्तर उठले, सुतारशाळेच्या कपाटाला कडी ठोकली, कोयंडा बसवला, मुनियप्पाच्या दुकानातून कुलूप आणलं आणि पुस्तक आत ठेवून कुलूप लावलं. सव्वीस वर्षांत त्या कपाटाला लागलेलं ते पहिलं कुलूप.

आणि त्याच दिवशी दुपारी जोसाइया आले. यायला दुसरा दिवस नव्हता का? पण आले. जोसाइया म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. पोस्टमास्तर होते, आता निवृत्त आहेत, पण प्रत्येक कागद अजून पत्रासारखा वाचतात, आधी पाठीमागची बाजू. मास्तरांनी त्यांना चांगल्यातलं स्टूल दिलं, लिंबाच्या पानांचा चहा केला.

"मास्तर, सही करायची तर पुस्तक नजरेखालून घातलं पाहिजे," जोसाइया म्हणाले. "दोन दिवस घरी नेतो. केरेकेरे."

आता इथे मास्तरांनी कपाट उघडून पुस्तक द्यायचं होतं. एवढंच. पण नवं ज्ञान नव्या चपलेसारखं असतं, माणूस चिखलातही घालून जातो. मास्तर म्हणाले, "पुस्तक देता येणार नाही. त्यातलं काय हवं ते तुम्ही मला विचारा. मी आत बघून सांगतो."

जोसाइयांचा चहाचा कप वाटेतच थांबला. "आत म्हणजे?"

"कपाटात."

"आणि कपाटाला ते काय लावलंय?"

"कुलूप."

"कुणासाठी?"

अजूनही वेळ गेली नव्हती. पण मास्तर सरळ उत्तर देऊन मोकळे झाले. "सगळ्यांसाठी. सगळ्यांना एकच नियम."

जोसाइयांनी कप खाली ठेवला. ते उठले, टोपी घातली आणि निघून गेले. चहा तसाच राहिला. भरला कप सोडून आमच्याकडे माणूस उठतो, तो बहुधा घरातून कुणी गेलं असलं तर.

पुढचं काम लेमेकीने केलं. त्याच्या बसला खिडक्या नाहीत, त्यामुळे बातमी दोन्ही बाजूंनी सांडत गेली. "अमिनियासीने कुलूप लावलं!" प्रत्येक थांब्यावर एकदा. सावुसावुच्या बाजारात पोचेपर्यंत कुलपाची दोन कुलपं झाली होती आणि मास्तरांनी अध्यक्षांना हाताला धरून बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी लितियाबाईंनी बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "मास्तर, सही होत नाही म्हणून निरोप आलाय. मी तुमचं नाव बोटीच्या यादीत पेन्सिलीने लिहून ठेवते." म्हणजे पेन्सिल होती त्यांच्याकडे!

पण खरा त्रास पुढे झाला. कुणी काही मागायला येईना. दर शुक्रवारी मुनियप्पा करवत न्यायला यायचा. या शुक्रवारी तो कुंपणापलीकडे, मास्तरांना दिसेल अशा बेताने, सुरीने फळी कापत बसला. काही मिनिटांनी सुरी मोडली, तरी बोलला नाही. शनिवारी सकाळी ओट्यावर जाड पुस्तक होतं, स्वच्छ कापडात गुंडाळलेलं. एपेली ठेवून गेला होता, हाक न मारता. मुखपृष्ठावर दोन पावलांचे ठसे होते. मग एकेक वस्तू यायला लागली. पटाशी आली. करवती आल्या, तीन. ढकलगाडी आली, ती चक्क पलीकडच्या गावाहून. एक छत्री आली, जी आपली होती हे मास्तर विसरून गेले होते, आणि एक पातेलं आलं जे आपलं नव्हतं असं मेरेसेनी शपथेवर सांगत होती. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर ते दोघंच होते. एरवी त्या बाकावर सात माणसं बसतात.

मास्तर ओट्यावरच्या ढिगाकडे बघत बसले. जन्मभर ते कुरकुरत आले होते, की आपलं काही परत येत नाही. आता सगळं आलं होतं, आणि त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. असं वाटलं, की आपण मेलोय आणि लोक हिशेब मिटवायला आलेत.

"अहो, जेवायला चला," मेरेसेनी म्हणाली.

"मला कुणी काही मागत नाही गं."

"माहितीये. माझ्याकडे मिठाचा कणही कुणी मागितला नाही पाच दिवसांत."

तेवढ्यात बस थांबली. लेमेकी उतरला, ओट्यावर आला, ढीग पाहिला. "काय रे ओंडक्या, दुकान टाकलंस?" त्याने छत्री उचलली, उघडून बघितली, बगलेत मारली आणि चालता झाला. ना विचारणं, ना सांगणं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते धावत बसपर्यंत गेले.

"लेमेकी! अरे, मला अध्यक्षांकडे माफी मागायला जायचंय. माझ्या वतीने बोलशील?"

आमच्याकडे माफी स्वतः मागता येत नाही. यंगोना म्हणजे मुळं पाण्यात कालवून केलेलं आमचं मानाचं पेय, त्याची मुळं बांधून न्यायची, चटईवर खाली मान घालून बसायचं, आणि बोलायचं दुसऱ्याने. लेमेकी बराच वेळ विचार केल्यासारखं करून म्हणाला, "बोलतो. पण तुझ्याबद्दल चांगलं काही सांगायला जमणार नाही."

"नको सांगू."

अशा तऱ्हेने बैठकीच्या आधीच्या शनिवारी, दुपारी तीन वाजता, मास्तर जोसाइयांच्या घरी चटईवर बसले. बगलेत मधलं पुस्तक, पुढ्यात मुळांची जुडी. बातमी पोचलेलीच होती, त्यामुळे एपेली, मुनियप्पा, लितियाबाई, अर्धं चर्च तिथे आधीच हजर होतं. बायका दाराजवळ, त्यांत मेरेसेनी.

लेमेकीने घसा साफ केला. "साहेब, हा जो तुमच्यासमोर लाकडाचा ठोकळा बसलाय, तो पहिल्यापासूनच असा. याच्या गावात डोकी वाटत होते तेव्हा हा रंधा शोधायला गेला होता. याने तुम्हाला नाही म्हटलं. तुम्ही याला बोटीवर घाला, नाहीतर समुद्रात घाला, आम्ही हूं का चूं करणार नाही. पण त्याने कुलूप काढलंय आणि मुळं आणलीत. ती घ्या, कारण मुळं चांगली आहेत."

जोसाइयांनी पुढे वाकून जुडीला हात लावला, म्हणजे माफी दिली. सगळ्यांनी ओंजळी जुळवून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. यंगोना कालवली गेली, करवंटी फिरली, एकदा, दोनदा.

"आता सांगा मास्तर," जोसाइया म्हणाले, "त्या पुस्तकात असं होतं तरी काय? तुम्ही कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतंत."

मास्तरांनी सांगितलं. जिभेला यंगोनाची बधिरी आली होती, त्यामुळे शब्द थोडे आणि सरळ आले. साचा सांगितला, स्टुलं सांगितली. वस्तूच्या पोटातला ऐवज तिचा तिचा. बाहेरच्याने हात घालायचा नाही. दारात येऊन मागायचं. मग वस्तू स्वतः आत जाते आणि आणून देते.

"देते?" जोसाइयांनी विचारलं.

"हो, देते."

"प्रत्येक वेळी?"

"योग्य तऱ्हेने मागितलं तर."

जोसाइया मुळांकडे बघत म्हणाले, "मास्तर, मग हे केरेकेरेच झालं की. मी तुमच्या कपाटात हात घातला नव्हता. दारात बसून मागितलं होतं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं, हे कुठल्या पानावर आहे?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. बरीच पानं उलटली. सगळे वाट बघत होते. "नाहीये," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही धडा अर्धाच वाचलात," जोसाइया म्हणाले. एपेली मान डोलवायला लागला, त्याला विषय कळला होता. मुनियप्पालाही कळला होता. एवढंच नव्हे तर तो शेजाऱ्याला समजावून सांगत होता. मास्तरांना लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी जोसाइयांपुढे ठेवलं. जोसाइयांनी ते उलटं करून आधी पाठीमागची बाजू वाचली, मग फॉर्म मागितला. आकार: मध्यम. हवा: नाही. शिवण: पक्की. खाली सही. लितियाबाईंनी मोठा श्वास सोडला. वर्ग चालू!

मास्तर हसले. त्या दोन आठवड्यांतलं ते पहिलं बिनकष्टाचं हसू होतं.

"आता माझं एक मागणं," जोसाइया म्हणाले. "वातुमाराच्या सरांचं काल पत्र आलं. तेही न्यूझीलंडला चाललेत. तिथे एकोणीस मुलं याच विषयाला बसलीत. इथे यायला सुव्याची एक बाई तयार आहे, पण बेटावर जायला नाही. मी नऊ वर्षं मंडळावर आहे, हा विषय काय आहे ते मला आजवर कुणी सांगू शकलं नव्हतं. तुम्ही दोन करवंट्यांत सांगितलंत. मास्तर, वातुमाराला दोन वर्षं जा." ते क्षणभर थांबले. "केरेकेरे."

"नाही" हा शब्द मास्तरांच्या दातांपर्यंत आला होता. समोर त्यांचीच मुळं पडली होती. माफीला अर्धा तासही झाला नव्हता, आणि अर्धं चर्च त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. मास्तरांना नीरफणस दिसला, त्याखालचा ओटा दिसला, ओट्यावर मेरेसेनी एकटी दिसली.

"जातो," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मग दाराजवळ हालचाल झाली. मेरेसेनी उठली होती. बसलेल्या पुरुषांमधून वाकून चालत ती पुढे आली, नवऱ्याच्या बाजूला बसली, आणि तिने जोसाइयांकडे तोंड करून हलकेच टाळी वाजवली.

"साहेब, माझंही एक मागणं आहे."

"बोल बाई."

"तुमची नवी होडी. इंजिनासकट. यांची दोन वर्षं संपेपर्यंत. मीही यांच्याबरोबर जाईन म्हणते, पण दातांच्या गुरुवारी मला येता-जाता आलं पाहिजे." मग जपून, एकेक अक्षर सुटं करून, ती म्हणाली, "केरेकेरे."

जोसाइयांचा चेहरा उतरला. ती होडी निळी होती, पोस्टातून निवृत्त झाल्यावर घेतलेली, आणि ते तिला रोज सकाळी गोड्या पाण्याने धूत. नातवंडांना तिच्यात बसायची परवानगी नव्हती. एकदा पाद्रीसाहेबांनी तिच्या काठावर कोपर टेकलं, तर जोसाइयांनी ते हळूच उचलून बाजूला ठेवलं होतं.

ते मेरेसेनीकडे बघत राहिले. मग मुळांकडे. मग सगळ्यांकडे.

"साहेब," लेमेकीने अगदी आदराने विचारलं, "होडीला कुलूप वगैरे नाही ना?"

मुनियप्पाने तोंड फिरवलं. लितियाबाई फॉर्म वाचायला लागल्या. मास्तरांनी मान खाली घातली, पण या वेळी ती माफीसाठी नव्हती. त्यांचे खांदे हलत होते. मेरेसेनीने चटईवरच त्यांचा हात धरला होता आणि ती सोडत नव्हती.

"किल्ली कुठे असते?" ती उठायला लागली. "मीच घेते की."

"नको, नको!" जोसाइया घाईने म्हणाले. "थांब. मी आत जाऊन आणून देतो."

आणि गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, ते उठले.